स्कीच्या शर्यतीचा अंदाज लावताय? या चुका टाळा

आमच्या ठाण्यात बर्फ दिसतो तो मासळीबाजारात, नाहीतर उसाच्या रसात. तरी हिवाळा आला की आम्ही चार-पाच टाळकी क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या, म्हणजे पायांत स्की घालून बर्फातले चढ-उतार कापायच्या, शर्यती बघतो आणि निकालावर मिसळीची पैज लावतो. दरवर्षी एखादा नवा भिडू येतो, दोन रविवार बघतो आणि छातीठोकपणे सांगतो, “क्लेबो!” अरे बाबा, २०२५ला ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत सहाच्या सहा सुवर्णपदकं नेणाऱ्याचं नाव घ्यायला अक्कल कसली लागते? आमच्याकडे त्याला वगळूनच पैज लागते.

पडला म्हणजे संपला, ही दुसरी चूक. ती मीच केली आहे. ११ फेब्रुवारी २०१८, रविवार, प्योंगचांग ऑलिम्पिकची ३० किलोमीटर स्कीॲथलॉन. सुरुवातीच्या गर्दीतच नॉर्वेचा सिमेन क्र्यूगर आपटला, मागचे त्याच्यावर आदळले, त्याची काठी मोडली. उठेपर्यंत तो सगळ्यांत शेवटी. मी भाच्याला म्हटलं, “तुझा माणूस गेला,” आणि पिशवी घेऊन मटण आणायला खाली उतरलो. परत येतो तर भाचा दारातच, “मामा, मिसळ!” क्र्यूगर पहिला, वर दुसरा-तिसराही नॉर्वेचाच. माझं चुकलं कुठे? स्कीॲथलॉनचा पहिला अर्धा भाग क्लासिक, म्हणजे आखलेल्या खाचांतून. दुसरा फ्रीस्टाइल, म्हणजे स्केटिंगसारखा पाय बाहेर ढकलत. क्र्यूगर फ्रीस्टाइलचा पठ्ठा. त्याच्या हक्काचे १५ किलोमीटर शिल्लक होते आणि मी पहिल्या मिनिटालाच त्याचं तेरावं घातलं. तेव्हापासून शर्यत संपेपर्यंत मी खुर्चीतून उठत नाही. मटण सकाळीच आणतो.

‘इंटरव्हल स्टार्ट’मध्ये खेळाडू सहसा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने सुटतात आणि जिंकतं ते घड्याळ. तरी अर्धे गडी रानात असताना पडद्यावरचं पहिलं नाव बघून कोणीतरी ग्रुपवर अभिनंदन टाकतंच. त्यात तगडी नावं बहुधा मागून सुटतात. मी वीजबिलाच्या पाठीवर वाटेतल्या टप्प्यांच्या वेळा लिहून ठेवतो. ॲपवर सगळं दिसतं म्हणे, पण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही.

स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या पल्ल्याच्या शर्यतीत, पात्रता फेरीत पहिला आलेला जिंकेलच असं नाही; पुढे सहा-सहा जणांच्या झुंजी असतात.

टूर द स्की या अनेक टप्प्यांच्या शर्यतीच्या शेवटी इटलीतल्या आल्पे चेर्मिसचा चढ आहे. सपाटीवरचा राजा तिथे येऊरच्या चढावर गिअर न सापडलेल्या सायकलवाल्यासारखा दिसतो.

आणि तापमान बघा! क्लासिकमध्ये स्कीच्या मधल्या भागाला पकड देणारं मेण लावतात. शून्याच्या आसपास ताजा बर्फ पडला की ते नेमकं बसवणं कर्मकठीण. पकड सुटली तर भले भले चढावर मागे घसरतात, पावसात झिजल्या चपलेने स्टेशनचा जिना चढल्यासारखे. अशा दिवशी मी पैजच लावत नाही, चहा टाकतो.