राष्ट्रीय क्रॉस कंट्रीला जायचंय? आधी चौथा गडी तयार करा

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या आमच्या क्लबात नवीन पोर आलं की विचारतं, "सर, पहिला यायला काय करायचं?" मी त्याला आधी बेरीज शिकवतो.

क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळ-मातीवरच्या लांब शर्यतीत, संघाचा निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. ज्याची बेरीज कमी, तो संघ वर. जागतिक नियमात सहा जण धावतात, चौघांचे क्रमांक धरतात. एका संघाचे गडी ३, ८, २० आणि ६१ वे आले तर बेरीज ९२. दुसऱ्याचे १२, १८, २४ आणि ३० वे आले तर ८४. पहिल्या दहात एकही नसताना दुसरा संघ जिंकतो. बेरीज सारखी झाली तर ज्याचा चौथा गडी आधी पोचला, तो वर. चौघे पोचलेच नाहीत तर संघ धरतच नाहीत.

राष्ट्रीय स्पर्धेत क्लब उतरत नाही. राज्य, सेनादल, रेल्वे असे संघ असतात. आपली पोरं जिल्ह्यातून राज्य स्पर्धेला जातात आणि तिथून कर्नाटकच्या संघात निवडली जातात. राज्यात चौथ्या आलेल्या पोरालाही सांगा, पदक तुझ्या पायावर आहे.

सराव मातीवरच हवा. डांबरी रस्त्यावर किलोमीटर भरतात, पण घोट्याला ताकद येत नाही. भातकापणी झाली की आमच्या शिवारात मसूर, वाटाणा पेरतात, त्यामुळे मोकळी शेतं थोडेच दिवस मिळतात. मालकाला विचारूनच उतरा, पेरलेल्या वाफ्यात पाय नको. धसकटांतून एकेक किलोमीटरच्या पाच फेऱ्या घ्या, मध्ये तीन मिनिटं चाला. या फेऱ्यांत चौथ्या पोराला पुढे ठेवा, बाकीचे तिघे त्याच्या मागे. वेग तो ठरवेल. आठवड्याभरात त्याचा धीर वाढलेला दिसतो. पहिल्याचा वेगाचा सराव वेगळ्या दिवशी घ्या. रविवारी राजहंसगडाचा चढ, पण उतारावर जास्त लक्ष द्या. पोरं उतारावर मागे रेलतात आणि मांड्या मोडून घेतात.

सुरुवात घोटवून घ्या. सगळे एकाच रेषेवरून सुटतात, आधी रुंद मैदान असतं, मग वाट अरुंद होते. माळावरून पळत सुटून पाणंदीत शिरायचं, हाच सराव. पाणंदीच्या तोंडाशी जो मागे राहिला, त्याला पुढच्याला ओलांडायला जागा मिळत नाही.

अंतर वयाप्रमाणे बदलतं. जागतिक स्पर्धेत २० वर्षांखालील मुलं ८ किमी, मुली ६, खुल्या गटात दोघंही १० किमी. आपल्याकडच्या लहान गटांसाठी त्या वर्षीचं परिपत्रक पाहा. ओली जमीन असेल तर बुटांच्या तळाला लांब खिळे लावा, ते आवळायचा पाना पिशवीत ठेवा आणि नाडीला दुहेरी गाठ मारा. चिखल बूट ओढून घेतो.

आता कागदपत्रं. सीमाभागात हे काम सहा महिने आधी करा. शाळेच्या मराठी दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. कन्नड जन्मदाखल्यावर आडनावच नाही. आधारवर तिसरंच स्पेलिंग. आमची एक पोरगी यात अडकली आणि तिची राज्य स्पर्धा गेली. तिन्ही ठिकाणी एकच नाव करून घ्या. लहान गटांत वयाची तपासणी कडक असते. पोरांना कामापुरतं कन्नडही बोलायला लावा, राज्याच्या संघात शेजारी धावणारा मंड्याचा किंवा कोडगूचा असू शकतो.

आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून मार्गावर चाला. फेरी साधारण दीड-दोन किलोमीटरची असते, तीच पुन्हा पुन्हा धावायची. शर्यतीच्या वेळी फेरीच्या शेवटच्या टप्प्यात, चढाच्या आधी उभे राहा. पहिल्याला वेळ ओरडून सांगायची गरज नाही, चौथ्याला सांगा: पुढे किती जण दिसताहेत आणि त्यातले हरियाणाचे किती, सेनादलाचे किती.