सभासद वारल्यावर फ्लॅट नावावर कसा करायचा

वडील गेले. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, कमिटीने शेअर सर्टिफिकेटवर ते चढवलं आणि घरच्यांनी धरून चाललं की फ्लॅट आईचा झाला. काही वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराचा वकील विचारतो, ‘मुलांचे हिस्से कुठे गेले?’ व्यवहार तिथेच अडतो, कारण बँक अशा कागदांवर कर्ज देत नाही.

नॉमिनेशनने मालकी मिळत नाही. सभासद गेल्यावर सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, बिल कोणाच्या नावाने काढायचं, एवढ्यापुरतंच ते आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतलं जातं, तेही वारस सभासद होईपर्यंत. मालकी ठरते मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. म्हणून सोसायटीचं काम आणि हक्काचं काम, दोन्ही हाती घ्या.

आधी वारसांची यादी करा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांना सारखा हिस्सा मिळतो. वारलेल्याची ही आई, म्हणजे मुलांची आजी, यादीतून हमखास सुटते. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा जात नाही. अपत्य आधीच वारलं असेल तर त्याची मुलंबाळं आणि, ते अपत्य मुलगा असेल तर, त्याची विधवाही हिश्शात येते. फ्लॅट नवरा-बायकोच्या जोडनावावर असला तरी गेलेल्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. तेवढ्या हिश्शाला वारस लागतातच. इतर धर्मीयांचे वारस त्यांच्या कायद्याप्रमाणे काढावे लागतात.

फ्लॅट कोणाच्या नावे करायचा यावर सगळ्यांचं एकमत असेल तर सरळ मार्ग हक्कसोडपत्राचा, म्हणजे बाकीच्या वारसांनी आपला हिस्सा त्याच्या लाभात सोडल्याच्या दस्ताचा. लोक चुकतात ते इथेच. भावंडं स्टॅम्प पेपरवर ‘आमची हरकत नाही’ असं लिहून नोटरी करतात आणि काम झालं असं समजतात. नोटरी केलेल्या ना-हरकतीने स्थावरातला हिस्सा सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. मजकुरात फ्लॅटचं पूर्ण वर्णन, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, सोडणाऱ्याचा हिस्सा आणि तो कोणाच्या लाभात सोडला, हे नावानिशी हवं. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. पैसे देऊन हिस्सा सोडवला तर हा हिशेब बदलतो, तेव्हा मोबदला लपवू नका. कोणी परदेशात असेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या.

मृत्युपत्र असेल तर ते नोंदवलेलं असणं सक्तीचं नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. वाद असेल किंवा कागदच नसेल तर कोर्टातून वारस दाखला काढा, १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालचा. बरेच जण उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी अर्ज करून बसतात. ते ठेवी, रोखे, येणी यांच्यासाठी असतं, स्थावराचा हक्क त्यावर ठरत नाही.

आता सोसायटीकडे. नॉमिनीने मृत्यूनंतर ६ महिन्यांच्या आत सभासदत्वाचा अर्ज करावा असं आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) सांगतात. अर्जासोबत मृत्यू दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, हानिरक्षण बंधपत्र (पुढे कोणाचा दावा आला तर सोसायटीचं नुकसान भरून देण्याची लेखी हमी), आणि हक्कसोडपत्र झालं असेल तर त्याची प्रत व इंडेक्स २ (दस्त नोंदवल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा) जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तो देऊ नका. सेक्रेटरी पुढे बदलला की ही पोचच कामाला येते.

नॉमिनेशन केलेलंच नसेल तर सोसायटीने मृत्यूची माहिती मिळाल्यापासून महिन्याभरात सूचनाफलकावर आणि किमान २ स्थानिक वृत्तपत्रांत नोटीस देऊन दावे व हरकती मागवायच्या असतात. त्याचा खर्च वारसांकडून घेतला जातो. एकापेक्षा जास्त दावे आले तर खरा वारस कोण हे कमिटीने ठरवायचं नाही, ते काम दिवाणी न्यायालयाचं. अशा वेळी एका बाजूचं ऐकून नाव चढवणारी कमिटी सोसायटीलाच दाव्यात ओढते.

पैशांबाबत ठाम राहा. वारस किंवा नॉमिनीच्या नावे होणाऱ्या हस्तांतरणावर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट विकला जाताना सोसायटी शुल्काशिवाय घेते ती रक्कम, घेता येत नाही. महापालिका क्षेत्रातली २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे ती विक्रीसाठी. इथे आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये, एवढंच. ‘विकास निधी’ म्हणून जास्त मागितले तर लेखी मागणी मागा आणि ती घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जा. थकलेलं देखभाल शुल्क मात्र आधी भरून टाका, त्यावरून अर्ज अडवायला निमित्त मिळतं.

गृहकर्ज बाकी असेल तर मूळ करारनामा बँकेकडे असतो. हक्कसोडपत्राआधीच बँकेला मृत्यू लेखी कळवा आणि कर्जासोबत विमा काढला होता का, ते विचारा. अनेक घरांत तो असतो आणि कोणाला माहीत नसतो.

नाव चढल्यावर मालमत्ता कर आणि वीजमीटरही बदलून घ्या. मग नव्या सभासदाने लगेच आपलं नॉमिनेशन तीन प्रतींत भरून द्यावं आणि नॉमिनेशन रजिस्टरमध्ये नोंद झाल्याची पोच घ्यावी. पहिल्या नॉमिनेशनला शुल्क लागत नाही.