कौलं कुणी परतायची? भाड्याचं घर घेताना ठरवून घ्या

फोंड्याजवळच्या एका कौलारू घरात मी अकरा वर्षं भाड्यानं राहते. पहिल्याच पावसात रात्री दोन वाजता पलंगावर पाणी ठिबकायला लागलं. घरमालकांना फोन केला तर म्हणाले, "करारात कुठे लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. म्हणून सांगते, भाड्याची घासाघीस नंतर करा, आधी दुरुस्तीचं ठरवा.

घर बघायला भर दुपारी जा. दिवे मालवा, खिडक्या लावा आणि वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून आषाढात धार लागणार. वासे-रिपांना नखानं टोकरा. भुसा पडला तर लाकडाला कीड आहे. भिंतीची ओल, नळ, मीटर, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा.

वाटणी कशी करायची? केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण त्यातली यादी करारात उतरवून घेता येते. भिंती-छप्पर, रंगसफेदी, पाइप आणि वायरिंग बदलणं मालकाकडे. नळाचा वायसर, स्विच, गीझर, कडी-कुलूप, खिडकीची काच, तुंबलेली मोरी आपल्याकडे. माकडांनी फोडलेली कौलं माझ्या मते मालकाचीच, कारण ते छप्पर आहे. तरी त्याची वेगळी ओळ घालाच. भांडण नेमकं तिथेच होतं.

मालकांनी टाळाटाळ केली तर? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, त्यांच्यावर बंधनकारक असलेली दुरुस्ती कळवूनही वाजवी वेळेत झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र हे भाडेपट्ट्याला लागू आहे. अकरा महिन्यांचे पुष्कळ करार लीव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी देणारे असतात, त्यात ही मुभा आपसूक मिळत नाही. ती कलम म्हणून लिहून घ्या, आणि तक्रार नेहमी लेखी करा.

कौलं परतण्याची, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवण्याची, तारीखही करारात हवी: १५ मेच्या आत. मृग लागला की माणूस मिळत नाही, आणि शेवाळलेल्या ओल्या कौलांवर कुणाला चढवणं जिवावरचं काम आहे. जुन्या मापाची पंचवीस-तीस कौलं मालकांकडून मागून पडवीत रचून ठेवा. नवी कौलं जुन्यांच्या खाचेत नीट बसत नाहीत, आणि तिथूनच पुन्हा गळतं.