मुलांचा बँड चालवताय? मास्तरांनो, या चुका टाळा

मुलांचा बँड नीट वाजत नाही म्हटलं की पहिली तक्रार मुलांबद्दल असते. लक्ष देत नाहीत, घरी वाद्य हातात धरत नाहीत, परीक्षा आली की गायब होतात. तक्रारी खऱ्याच आहेत. पण १५ ऑगस्ट, गणपती आणि २६ जानेवारी या तीन मुदतींवर जगणारे पुण्यातले शाळांचे आणि मंडळांचे बँड कान देऊन ऐकले, तर बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा समोर काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसापाशी सापडतं. त्यात एक सोय आहे. तीस मुलांना बदलण्यापेक्षा एका मास्तराने बदलणं सोपं. (मास्तर म्हणजे संगीताच्या बाई, माजी विद्यार्थी, निवृत्त फौजी बँडवाले, सगळेच.)

सुरुवातच फाटते

"एक, दोन, एक-दोन-तीन, हं!" असं ओरडून सुरुवात होते. पहिल्या मात्रेवर अर्धी मुलं वाजवतात, बाकीची मागून येऊन मिळतात. मग मास्तर पुन्हा ओरडतात, या खेपेला आणखी मोठ्याने. फुंकून वाजवायच्या वाद्याला सुरुवातीआधी श्वास लागतो आणि तो नेमका कधी घ्यायचा हे मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्या मात्रेच्या आधीची एक मात्रा हाताने द्या. हात वर जाताना स्वतःही तोंड उघडून श्वास घ्या. मुलं आपोआप तुमच्याबरोबर घेतात. त्या उचलीचा वेग तोच पुढच्या चालीचा वेग. उचल सावकाश आणि पहिली मात्रा घाईत, असं झालं की तीस जणांनी तीस अंदाज बांधलेच म्हणून समजा.

घरी आरशासमोर उभं राहून हे करून बघावं. बऱ्याच मास्तरांना आपला हात कसा दिसतो याचा पत्ताच नसतो. तोंडाने "हळू, हळू" चाललेलं असतं आणि हात गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरत असतो. मुलं तोंडाचं ऐकत नाहीत, हात बघतात. हळू आवाजात वाजवून हवं असेल तर हात लहान करा, छातीपाशी आणा. डावा हात उजव्याची नक्कल करण्यासाठी नाही. युफोनियमला (जाड आवाजाच्या मोठ्या पितळी वाद्याला) कधी सुरू व्हायचं ते दाखवायला, झांजा थांबवायला तो मोकळा हवा. आणि पूर्ण वेळ स्वरलिपीच्या कागदात डोकं घालून उभे राहणार असाल, तर मुलांनी तरी वर का बघावं?

लय पळते

पुण्यातला हा खास रोग. साईड ड्रमवरची अर्धी पोरं पावसाळ्यात संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला असतात. तिथे लय चढवत नेणं हीच मजा असते, आणि ती सवय बँडमध्ये येते. रागावून उपयोग नाही. चालायची लय मिनिटाला साधारण ११६ ते १२० पावलं, ती मोबाइलच्या मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या ॲपवर) लावा आणि मुलांना आधी नुसतं चालायला लावा, वाद्याशिवाय. मग टाळी-खाली धरून चाल गायला लावा. ज्याला गाता येत नाही त्याला ती वाजवताही येणार नाही, हे माझं ठाम मत आहे. सरगम आपल्या मुलांच्या कानात असतेच, तिचा फायदा घ्यायला लाज कसली?

मोठा ड्रम वर्गातल्या सगळ्यात धिप्पाड पोराला द्यायची पद्धत आहे. तो द्यावा सगळ्यात थंड डोक्याच्या मुलाला किंवा मुलीला. बँडची लय शेवटी त्या ड्रमवर टिकते.

लय रेंगाळण्याचा ठरलेला प्रसंग म्हणजे राष्ट्रगीत. पूर्ण 'जन गण मन' सुमारे ५२ सेकंदांत वाजायला हवं. आदरापोटी म्हणा की भीतीपोटी, ते बरंच लांबतं. घड्याळ लावून सराव करा. बँडवर वाजवताना आधी ड्रमचा रोल (काठ्यांचा सलग थरथरता नाद) द्यायचा असतो, संथ चालीची ७ पावलं इतक्या लांबीचा: हळू आवाजात सुरू होऊन जोरात जायचा आणि पुन्हा हळू आवाजावर यायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहायचा. मग एक मात्रा शांतता, मग राष्ट्रगीत. ती शांततेची मात्रा हमखास गिळली जाते. कॉर्नेटवाले (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं आखूड पितळी वाद्य) रोलमध्येच घुसतात, कारण त्यांना उचल दिसलेली नसते.

सूर जुळत नाही

मास्तर म्हणतात, "सगळे सी वाजवा," आणि जो आवाज निघतो त्याला काही नाव नाही. कॉर्नेट, ट्रम्पेट, क्लॅरिनेट यांच्या कागदावरचा सी (पाश्चात्त्य सुराचं नाव) म्हणजे हार्मोनियमवरची काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी. टेनर हॉर्न आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावरचा सी म्हणजे काळी दोन. दोघांना एकच अक्षर सांगितलं तर दोन वेगळे सूर येणारच. सूर लावायचा तर काळी पाच धरा: पहिल्या गटाने आपला सी, दुसऱ्याने आपला जी. ट्रॉम्बोनवाला बेस क्लेफमधला (खालच्या सुरांच्या स्वरलिपीतला) कागद वाचत असेल तर त्याने बी फ्लॅट. हार्मोनियमही नेमकी लावलेली असेल याची खात्री नसते, म्हणून मोबाइलवरचा ट्यूनर बरा.

दुसरी चूक वेळेची. वाद्यं पेटीतून काढली, लगेच सूर लावला, आणि मैदानावर उन्हात गेल्यावर सगळं चढलं. नळीतली हवा तापली की सूर वर जातो, दर अंशाला साधारण ३ सेंट. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. फुंकेने नळी थोडी गरम राहते म्हणून प्रत्यक्षात फरक एवढा पडत नाही, पण जानेवारीतली सकाळची ७ची परेड आणि ऑक्टोबरमधली दुपार यांत तो कानाला बोचण्याइतका असतो. आधी पाच-सात मिनिटं वाजवू द्या. मग, जिथे कार्यक्रम आहे तिथेच, सूर लावा.

एखादाच सूर वारंवार चढत असेल तर मुलाला "कान दे!" म्हणून उपयोग नाही. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायचा खटका) एकत्र दाबला की सूर मुळातच वर जातो. कॉर्नेटचे खालचे डी आणि सी शार्प त्यातलेच. त्यासाठी तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी बाहेर सरकवता यायला हवी. शाळेच्या वाद्यांत ती नळी कित्येक वर्षं हललेलीच नसते. मुलाला सगळं ऐकू येत असतं, बिचाऱ्याकडे इलाज नसतो.

आणि कुणी माजी विद्यार्थ्याने आजोबांचं विलायती कॉर्नेट भेट दिलं, तर स्टेजवर नेण्याआधी तपासा. इंग्लंडमधले ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत चढ्या सुराची वाद्यं वापरत. अशी वाद्यं आजच्या सुरापेक्षा जवळपास पाव स्वराने वर असतात आणि नळी पूर्ण ओढली तरी पुरत नाही. कपाटात शोभून दिसतात, तिथेच ठेवा.

व्हॉल्व्ह अडकतो, माउथपीस निघत नाही

व्हॉल्व्हमध्ये खोबरेल तेल घालू नका. मेमध्ये चालून जातं. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, आणि पुण्यात २६ जानेवारीच्या पहाटे बाथरूममधल्या बाटलीचं जे होतं तेच कॉर्नेटमध्ये होतं. व्हॉल्व्ह ऑइलची एक बाटली बँडच्या पेटीत कायम हवी.

तेल घातल्यावर फुंकर पुढे जातच नसेल तर व्हॉल्व्ह अदलाबदल झालेत किंवा फिरलेत. त्यांच्यावर १, २, ३ कोरलेलं असतं. क्रमाने घाला, खाच बसेपर्यंत फिरवा. अडकलेलं माउथपीस (ओठ लावायचं टोक) पकडीने पिळू नका, डाक सुटतो. ते काढायचं वेगळं हत्यार मिळतं, ते एकदाच विकत घ्यावं लागतं. ट्रम्पेटचं माउथपीस कॉर्नेटमध्ये नीट बसत नाही. मेरठच्या जली कोठीतून एकगठ्ठा वाद्यं मागवताना हे आधी विचारून घ्या. चकाकीसाठी ब्रासो लावायचा मोह होतो, पण लॅकर (पारदर्शक वार्निश) असलेल्या वाद्यावरचा थरच त्याने घासला जातो. मऊ फडकं, कोमट पाणी, थोडा साबण, एवढं पुरे. पावसाळ्यात पेटीचं अस्तर वाळवायला विसरू नका.

ओठ

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तीन तास सराव घेणारे मास्तर मला कधीच समजले नाहीत. ओठ हा स्नायू आहे. थकला की मूल माउथपीस ओठांवर जोरात दाबतं, वरचे सूर काढायला आणखी दाबतं, दुसऱ्या दिवशी ओठ सुजलेले. ओठांवर गोल वळ दिसला की त्या मुलाला थांबवा, बाकीच्यांना वाजवू द्या. जितका वेळ वाजवणं तितकीच विश्रांती, हा जुना नियम लहान मुलांना तर हवाच. त्या विश्रांतीत गाऊन घ्या, बोटं चालवून घ्या, म्हणजे तास वाया जात नाही.

समोरचे पक्के दात आल्याशिवाय पितळी वाद्य देण्याची घाई करू नये. दातांना तारा बसवलेल्या मुलांना काही दिवस खालचे सूर द्या, त्यांच्या आईबाबांना आधी सांगून ठेवा. माउथपीस प्रत्येकाचं वेगळं. ते परवडत नसेल तर निदान प्रत्येक वेळी धुतलेलं.

पहिली आठ मापं झकास, शेवटचं पान कच्चं

दर चुकीला थांबवून "पुन्हा पहिल्यापासून" म्हटलं की हेच होतं. पहिली आठ मापं (स्वरलिपीतले उभ्या रेघांनी आखलेले मात्रांचे गट) शंभरदा वाजतात, शेवटचं पान पाचदा. एखाद्या दिवशी शेवटापासून मागे या: आधी अखेरची चार मापं, मग त्याच्या आधीची चार. मुलांना कार्यक्रमात घाम फुटतो तो शेवटाकडे, आणि लोकांच्या लक्षातही शेवटच राहतो. थांबवलंत तर एकच गोष्ट सांगा आणि लगेच वाजवा. आठ वाक्यांचं भाषण संपेपर्यंत तिसऱ्या कॉर्नेटवाल्यांनी (खालचा, सोपा भाग वाजवणाऱ्यांनी) वहीत बुद्धिबळ मांडलेला असतो. तिसऱ्या कॉर्नेटचा विषय निघालाच आहे म्हणून: ती रांग कच्च्या मुलांचं गोदाम करू नका. एक पक्का वाजवणारा तिथे बसवा, बाकीचे त्याच्या आधाराने वर येतात.

जूनमध्ये बँड रिकामा

ही चूक संगीताची नाही, पण सगळ्यात जास्त बँड हिनेच मोडतात. चांगले वाजवणारे सगळे नववीत असतात, मास्तर खूश असतात, आणि जूनमध्ये दहावीचे क्लास सुरू झाले की पहिली रांगच गायब. पालकांशी भांडून काही होत नाही. ते ऐकणार नाहीत, आणि त्यांच्या जागी तुम्हीही ऐकलं नसतं. सहावी-सातवीची मुलं दिवाळीनंतरच मोठ्यांच्या शेजारी बसवायला लागा, सोपे भाग लिहून द्या. सोलो सगळे एकाच हुशार पोराला देण्याचा फटका इथेच बसतो. तो गेला की ती चालच बँडच्या यादीतून जाते.

रस्त्यावर

बँड चालायला लागला की मागच्या रांगा उशिरा वाजवतात असं वाटतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १७ मीटर लांब बँडमध्ये पुढचा ठोका शेवटच्या रांगेला ०.०५ सेकंद उशिरा पोचतो, त्यावर वाजलेला सूर पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ. ११६ ते १२०च्या लयीत हा फरक कान ओळखतो. ड्रम मधोमध ठेवा, रांगा आवळून घ्या आणि मागच्यांना पुढच्यांच्या आवाजाऐवजी काठीवर नजर ठेवायला शिकवा. लक्ष्मी रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारतींच्या रस्त्यावर आवाज भिंतींवरून परत येतो, तिथे कानावर विसंबलात तर आणखी घोळ. विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार यांच्यासारखे जुने बँड ऐकायला मुलांना जरूर न्या, आणि त्यांच्या मास्तरांकडे बघायला सांगा.

पाणी, टोप्या, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे याची आधी पाहणी, हे काम संयोजक करतील असं गृहीत धरू नका. ते करत नाहीत.

आठवीतल्या एका मुलाला किंवा मुलीला काठी धरायला आत्तापासून शिकवा, दर सरावात एक चाल त्याच्या हाती. मिरवणुकीत मास्तरांचा अर्धा वेळ वाहतूक पोलिसाशी आणि मंडळाच्या अध्यक्षांशी बोलण्यात जातो, तेवढा वेळ बँड कुणीतरी चालवायला हवा.