मुंबई ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचे तास घरच्या घरी कसे काढावेत

आई-वडील पहिल्यांदा लंडनला मुलाकडे निघाले की घरात पहिला प्रश्न येतो, "किती तास लागतात?" तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी करून दिलेले उत्तर चुकीचे असते. बरोबर उत्तर काढायला पृथ्वीगोल, दोरा आणि थोडा हिशेब पुरतो.

प्रथम अंतर मोजावे. त्यासाठी भिंतीवरचा सपाट नकाशा वापरू नये, कारण गोल पृथ्वी कागदावर पसरताना अंतरे ताणली जातात. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन या दोन ठिकाणी दोरा बोटांनी घट्ट ताणून धरावा. तो कराचीच्या आसपासहून इराण, पुढे जॉर्जियातील तिबिलिसीच्या बाजूने काळ्या समुद्राकडे जातो, आणि हाच सर्वांत जवळचा मार्ग. आता तोच दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून गोलाचा परीघ मोजावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो; पृथ्वीचा परीघ ४०,०७५ किलोमीटर असल्यामुळे गोलावरील एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. मुंबई-लंडन दोरा १७ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजेच अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर.

त्यानंतर वेगाने भागावे. लांब पल्ल्याचे जेट विमान उंचीवर स्थिरावल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते, त्यामुळे भागाकार आठ तास येतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांसाठी किमान अर्धा तास मिळवावा.

खरा फरक वारा पाडतो. विमाने उडतात त्या नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० वर येतो आणि आठ तासांचे नऊ होतात; पाठीमागून आला तर सव्वासात पुरतात. शिवाय विमानाला दोऱ्याच्या रेषेवरून नेहमी जाता येत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले, आणि अशा प्रत्येक वळशाने अंतर वाढते. म्हणून जाताना दहा तासांच्या आसपास, तर येताना साधारण नऊ तास धरणे योग्य.

शेवटी हे उत्तर तिकिटाशी ताडून पाहावे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची स्थानिक वेळ असते. समजा, जुलैमध्ये मुंबईहून दुपारी १.३० ला सुटणारे विमान लंडनला संध्याकाळी ७ ला पोहोचते. घड्याळातील अंतर साडेपाच तास दिसते; त्यात दोन्ही शहरांच्या वेळेतील साडेचार तासांचा फरक मिळवला की दहा तास होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तास, एरवी साडेपाच तास असतो. परतीच्या हिशेबात तो वजा करावा.

हे सारे मधुमेहाच्या रुग्णांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. इन्सुलिन आणि जेवण यांच्या वेळा घड्याळाच्या काट्यांवरून न ठरवता प्रत्यक्ष गेलेल्या तासांवरून ठरवाव्या लागतात, तेव्हा निघण्यापूर्वी दहा तासांचा हा आराखडा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावा आणि त्याची एक प्रत हातातल्या पिशवीत औषधांसोबत ठेवावी.