शाखा नव्या प्रणालीवर नेताना कर्मचाऱ्यांना कसे तयार करावे

सहकारी बँकेची शाखा जुन्या संगणकप्रणालीवरून नव्या कोअर बँकिंगवर (सर्व शाखांचे हिशेब एकाच मध्यवर्ती ठिकाणी ठेवणाऱ्या प्रणालीवर) न्यायची असेल, तर प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी शाखाधिकाऱ्याने एक पूर्ण दिवस काउंटरच्या आत बसून कोणते व्यवहार किती वेळा होतात ते टिपावे. रोख भरणा, रोख अदायगी, पासबुक छपाई, ठेवींचे नूतनीकरण, पिग्मी (रोजची छोटी बचत) आणि क्लिअरिंग (इतर बँकांच्या धनादेशांची वटवणी) यांतच बहुतेक दिवस सरतो. प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचा प्रशिक्षक मात्र मेनूतले सगळेच दाखवू पाहतो. त्याला ही यादी द्यावी आणि तेवढेच पक्के करून घ्यावे.

हे प्रशिक्षण महिनाभर आधी उरकण्यात अर्थ नाही. उजळणी नसेल तर पाठ केलेले बरेचसे पहिल्याच दिवसात विसरते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. म्हणून बदलाच्या आदल्या आठवड्यात रोज पाऊण तास, कालचीच व्हाउचर सराव-सर्व्हरवर प्रत्येकाकडून पुन्हा भरून घ्यावीत आणि शेवटी कालच्या रोजकीर्दीशी (दिवसभराच्या व्यवहारांच्या नोंदवहीशी) ताळा करावा. रोख शिल्लक जुळली तर काम जमले; नाही जुळली तर चूक कुठे झाली हे शोधताना जे कळते, ते व्याख्यानातून कळत नाही.

खरी अडचण ज्येष्ठ रोखपालाची असते. जुन्या कळा त्याच्या बोटांना पाठ असतात आणि नव्या मुलांसमोर शंका विचारणे त्याला कमीपणाचे वाटते. त्याला समवयस्क सहकाऱ्याबरोबर बसवावे आणि शिकवणाऱ्याने माउसला हात लावू नये. ‘द्या इकडे, मी करतो’ म्हणणाऱ्याकडून आजवर कोणी शिकलेले मला तरी दिसलेले नाही. पहिले पंधरा दिवस चुकांबद्दल मेमो न काढता त्या एका वहीत लिहून ठेवाव्यात आणि सकाळी दार उघडण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांसमोर, नाव न घेता, वाचाव्यात.

मुहूर्त मार्चअखेरीचा किंवा पेन्शनच्या गर्दीचा नसावा. 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा शनिवार सुटीचा असल्याने त्याला जोडून येणाऱ्या रविवारी शिल्लक तपासायला सवड मिळते. जुनी प्रणाली मात्र केवळ पाहण्यापुरती चालू ठेवावी, कारण मागच्या वर्षीचे व्याज विचारणारा ठेवीदार सोमवारी सकाळीच काउंटरवर उभा असतो.