जुन्या गाडीला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप: वायरिंग कसं करायचं

पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडरचा मूळ पंप कॅमशाफ्टवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद पडलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंपाचं तसं नाही. चावी चालू आहे तोवर तो पेट्रोल ढकलत राहतो. कशेडी घाटात गाडी कलंडली आणि बॉनेटखालची नळी तुटली, तर हा पंप गरम सायलेन्सरवर पेट्रोल ओततच राहील. म्हणून चावीच्या वायरीवर थेट पंप जोडायचा नाही. खालचं सगळं वायरिंग एवढ्यासाठीच आहे.

पंप २ ते ३.५ पीएसआयचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. त्या दाबापुढे कार्ब्युरेटरची पेट्रोल अडवणारी नीडल टिकत नाही आणि पेट्रोल बाहेर वाहतं. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवा, कारण हे पंप ढकलतात चांगले, ओढतात वाईट. डिकीत नको, सायलेन्सरच्या पाइपाजवळ नको. पंपाच्या आधी फिल्टर लावा. नळी २० टक्के इथेनॉलला टिकणारी, एसएई जे३० आर९ छापलेलीच हवी. साधा रबर फुगतो आणि मग तडकतो. मूळ पंप काढलात तर त्याच्या जागी गॅस्केट घालून पट्टी बसवा, नाहीतर तिथून ऑइल उडेल.

काम उघड्या खळ्यात करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती गॅरेजच्या खड्ड्यात साचते. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. टाकीजवळ सोल्डरिंग करायचं नाही.

पुढचं सगळं १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या) गाडीसाठी आहे. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, आधी तपासा. पंप २ ते ३ ॲम्पिअर खातो, त्याला १.५ चौरस मिलिमीटरची तार आणि साडेसात ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार घासली तर तिला कोणीच वाचवत नाही.

फ्यूजमधून वायर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) ३० नंबरच्या पायाला आणा. ८७ वरून ती इनर्शिया स्विचमधून पंपाच्या पॉझिटिव्हला न्या. हा धक्क्याने तुटणारा स्विच बॉडीच्या भक्कम पत्र्यावर उभाच बसवा. ८५ नंबर अर्थला. ८६ ला चावीकडची वायर द्यायची, पण ऑइल प्रेशर स्विचमधून. हा स्विच दाब आल्यावर जोडणारा, दोन टर्मिनलचा हवा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचा स्विच बरोबर उलटा चालतो. तोच वापरून पाच पायांच्या रिलेच्या ८७ए (रिले बंद असताना ३० ला जोडलेला पाय) वरून पंप चालवण्याची युक्ती काही वायरमन करतात. ती करू नका: ती एक वायर तुटली की पंप कायमचा चालू राहतो. दोन्ही स्विच टी लावून बसवताना दिव्याच्या स्विचच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याला अर्थ आट्यांतूनच मिळतो.

इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा दाब नसतो, म्हणून सेल्फ मारताना पंपाला दुसरी वाट द्यावी लागते. सोलेनॉइडला (सेल्फला करंट जोडणारा मोठा स्विच) चावीकडून येणाऱ्या वायरीवरून एक फाटा काढून ८६ ला जोडा, मध्ये १एन४००७ डायोड घाला, तो करंट एकाच दिशेने सोडतो. डायोडवरची चंदेरी पट्टी रिलेच्या बाजूला. डायोड विसरलात तर इंजिन चालू झाल्यावर ऑइल स्विचचा करंट उलटा सोलेनॉइडकडे जाईल आणि सेल्फ सुटणारच नाही. रिंग गिअरचे दात जातात. ओढायचा नॉब असलेल्या सेल्फला ही वायर नसते, तिथे हात काढला की सुटणारं पुश बटण लावा.

आता जोड. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गाडी मरते ती इथेच. साध्या तांब्याची तार इन्सुलेशनच्या आत, लगपासून (तारेच्या टोकाला दाबलेलं टर्मिनल) बोटभर काळी पडते. बाहेरून टेप अगदी नवी दिसते. मालवण-हर्णैकडे बोटींच्या सामानाच्या दुकानात कल्हई केलेली तार मागा. लग प्रेसिंगच्या पक्कडीने दाबा, त्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवा. कडेने गोंदाचा थेंब बाहेर आला की जोड बंद झाला. पंप रबरी बुशांवर असतो, त्यामुळे त्याला बॉडीतून अर्थ मिळत नाही. वेगळी अर्थ वायर काढा. मागचा पत्रा गंजका असेल तर ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणा. बोल्टखालचा पत्रा चकचकीत घासा, आवळा, मग वरून ग्रीस. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट. रिले टर्मिनलची बाजू खाली करून लावा, म्हणजे पावसाचं पाणी आत थांबत नाही.

तपासणी सेल्फ मारण्याआधी. सोलेनॉइडवरची वायर काढा, ऑइल स्विचच्या दोन वायरी तात्पुरत्या एकमेकींना जोडा, चावी चालू करा. पंप टकटकला पाहिजे. काढलेल्या वायरीवर टेस्ट लॅम्प लागला तर डायोड उलटा आहे. पंप चालू असतानाच सगळ्या नळ्यांवरून कोरडा कागद फिरवा, ओल दिसते. मग वायरी परत लावा. नुसती चावी चालू केली तर पंप गप्प हवा. इंजिन आयडलला असताना ऑइल स्विचची वायर काढा: पंप लगेच थांबतो, कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल संपलं की इंजिनही. इनर्शिया स्विच सोडवून तळहातावर आपटा, तोही पंप तोडतो का बघा. शेवटी पंपावरचं आणि बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा, फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

गणपतीला गाडी बाहेर काढण्याआधी, पंप चालू ठेवून, पंपाचा अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर तो बोल्ट उघडा आणि पुन्हा घासा.